चराच्या रेषेवरचा खडकपुदिना

फोन उचलला तर सुजातानं "कशी आहेस" एवढंसुद्धा विचारलं नाही. "शुभे, फुलला वं! शनिवारच्या आत येऊन पोच. आन् याच वर्षी ये, पुढच्यावर टाकू नको," असं म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा. मी एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी. गेली काही वर्षं फेब्रुवारी सरत आला की तिचा एक फोटो येतो. काळा खडक, त्यातून निघालेलं कमरेएवढं झुडूप, त्यावर जांभळट पांढऱ्या फुलांचे तुरे. खाली एकच शब्द, "ये". मी दरवर्षी "नक्की" लिहून पाठवते आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं. कधी पुतणीचं लग्न, कधी माझा गुडघा, कधी नुसता आळस. या वेळी मात्र "याच वर्षी" म्हणताना तिचा आवाज मला काही बरा वाटला नाही.

सुजातानं आणि मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात बरोबरीनं नोकरी केली. ती स्टाफ नर्स, मी लॅबमध्ये. मी आयुष्यभर स्पिरिट हुंगलं आणि तिनं आयुष्यभर डॉक्टरांशी भांडणं केली. रिटायर झाल्यावर ती सरळ माहेरच्या गावी, बुलढाणा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहायला गेली. तिचं हे झुडूप पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्या रविवारी ठरणार होतं, आणि त्यात सगळ्यात अडकलेली तीच होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. वाचताना तुम्हाला ते आधीच माहीत असलेलं बरं.

नवऱ्याला म्हटलं, "संग्रामपूर तालुक्यात जातेय. पुदिना बघायला."

"अगं, कोपऱ्यावर दहा रुपयाला जुडी मिळते!"

"ती आणा आणि चटणी करून खा. चार दिवस तेवढाच स्वयंपाक आहे," म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

गावात याला खडकपुदिना म्हणतात. आपला चटणीतला पुदिना हा नव्हे, पण घराणं तेच. तुळस, पुदिना, कुंडीतला पानओवा ही सगळी मंडळी एकाच कुळातली. ओळखायची खूण सोपी आहे: कोवळा देठ बोटांत धरून फिरवा, गोल लागत नाही, चौकोनी लागतो. एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मागे गावात येऊन हा बघून गेल्या. याचे नातेवाईक त्यांनी बऱ्याच डोंगरांत पाहिले होते, पण नेमका हा असा दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. एवढी माहिती मला पुरेशी होती. गावाचं नाव मात्र मी या लेखात देणार नाही. खाली कमेंटमध्ये विचारूही नका. रील काढणाऱ्यांची झुंबड उडाली की काय होतं ते आपण फुलांच्या पठारांवर पाहून बसलोय.

नाशिकरोडहून शेगावला जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. दिवसाची घ्या, खिडकीची मागा. भुसावळपर्यंत केळीच्या बागा, मलकापूर सोडलं की काळी सपाट जमीन, गहू पिवळा पडायला लागलेला, वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग. शेगावात उतरल्यावर कचोरी खायचीच, त्यावर माझ्याशी वाद नको. फक्त पाटी बघून दुकान निवडू नका. ज्याच्या कढईतून आत्ता निघतेय त्याच्याकडे जा, आणि सोबतची तळलेली मिरची सोडू नका. मुक्काम करायचा असेल तर इथे भक्तनिवासं आहेत, स्वच्छ आणि स्वस्त. मला मुक्काम करायचा नव्हता. मी तडक वरवट बकालची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस बायकांनी भरलेली आणि गप्पांना ऊत.

शेजारच्या बाईनं मला आधी डोक्यापासून पायांपर्यंत पाहून घेतलं. पायांत ट्रेकिंगचे बूट होते ना.

"पाहुण्या दिसता. कोनतं गाव?"

"नाशिक."

"बाप्पा! एवढ्या दुरून इकडं काऊन?"

"डोंगरात एक झुडूप फुललंय, ते बघायला."

तिनं पलीकडच्या बाईला कोपर मारलं. "ऐकलं का वं? झाड पाह्यले आली बाई! नाशिकात झाडंच नाही म्हणते." सगळी बस हसली, मीही हसले. मग तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "घ्या, विकतचं हाय. आमच्या बोअरचं देलं असतं त तुम्ही तोंडातच धरलं नसतं."

मी या भागाबद्दल नुसतं ऐकून होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. "डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही," ती सांगत होती. "आन् माणसाच्या किडन्या जाते. माह्या दिराची गेली." हे तिनं पिशवीतली मेथी निवडता निवडता सांगितलं. सातपुड्याच्या अगदी कुशीतल्या गावांना डोंगराचं गोड पाणी मिळतं, पण उन्हाळ्यात तेही आटतं. पुढचं सगळं कळायला ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

वरवटच्या स्टँडवर सुजाता उभी होती. स्कूटी, हेल्मेट, पंजाबी ड्रेस, पायांत पांढरे बूट. "आली का वं माय एकदाची!" म्हणून तिनं मला भर स्टँडवर मिठी मारली. स्कूटीवर मागे बसून सातपुड्याकडे निघालो तर दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, आणि त्या बागा नेमक्या फुललेल्या. अख्खा रस्ता गोड वासानं भरलेला. मी तिच्या पाठीमागे बसून नुसती "अहाहा, अहाहा" करत होते. पुढे पळस लागले, तांबडेलाल, पान एक नाही. ती म्हणाली, "ह्याच्यातच एवढी पागल झाली त उद्या काय करशीन?"

संध्याकाळी तिच्या अंगणात बाजेवर बसलो. घर साधं, दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तुळईला लसणाच्या जुड्या. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल, कांद्याची पात. शेजारचं घर भिंतीला भिंत लावून. त्या घराच्या दारात एक साठीचे गृहस्थ बागेतून आणलेली संत्री निवडत बसले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले. "पाहुण्या काय? कोनतं गाव?" म्हणून विचारलं, उठून आले आणि माझ्या ओंजळीत चार संत्री घातली. सुजाता माझ्या शेजारीच बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तीही भाकरीकडे बघत राहिली. ते गेल्यावर मी विचारलं, "हे कोण?"

"पुंडलिकभाऊ."

"भांडण आहे का?"

"जेव तू."

सकाळी लवकर निघालो, आणि तुम्हीही लवकरच निघा, कारण फेब्रुवारीतही दहाच्या पुढे इथलं ऊन डोक्यात शिरतं. वाट विहाराच्या मागून वर चढते. ही सगळी ई-क्लास, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी पडीक जमीन. साग निष्पर्ण, पाचोळ्यावर पाय पडला की कुरकुर आवाज. माझा गुडघाही त्यात सूर मिसळत होता. थोडं वर गेल्यावर उतारावर एक लांबच लांब आडवा खड्डा दिसला, गुडघाभर खोल, बाजूला मातीचा बांध, डोंगराला कमरपट्टा घातल्यासारखा.

"हा आमचा चर," सुजाता म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका.

समतल चर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. पावसाचं उतारावरून पळणारं पाणी या चरात अडतं आणि जमिनीत मुरतं, मग खालच्या विहिरींना येतं. अट एकच. सगळा चर एका पातळीत हवा. कुठे हातभर खाली गेला की सगळं पाणी तिकडे धावतं, बांध फोडतं आणि निघून जातं. दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधायची, नळीत पाणी भरायचं, दोन्हीकडचं पाणी सारखं दिसेल तिथे तिथे चुन्याची फक्की टाकत जायचं. ती पांढरी रेषा म्हणजे चर. गावातल्या बायकांना गोळा करून, दर रविवारी श्रमदानानं, हे काम सुजातानंच सुरू केलं. गेल्या पावसाळ्यानंतर गावची विहीर पहिल्यांदाच एवढी टिकून आहे. गावात तिचं नावच पडलंय, लेवलवाली बाई.

चर संपला, आम्ही एका वळणावर आलो आणि मी थांबलेच.

काय सांगू तुम्हाला! डोंगराचा काळा खडक तिथे दोन थरांत फुटलाय. मधे विटकरी मातीची एक पट्टी आहे आणि त्या पट्टीतून कुठे कुठे ओल पाझरते. नेमकं त्या ओलीवर, एका ओळीत, खडकपुदिना उभा होता. झुडपं मोजकीच, चारपाच घरांच्या अंगणात मावतील एवढी. पण फुललेली अशी की पानं दिसू नयेत. फूल बारीक, दोन ओठ उघडल्यासारखं, वरचा ओठ पांढरा, खालचा जांभळा, आणि त्या जांभळ्यावर गडद ठिपक्यांची एक रेघ आत गळ्यापर्यंत गेलेली. मधमाशीला घराचा रस्ता दाखवावा तशी. माशा तर इतक्या होत्या की झुडूपच गुणगुणतंय असं वाटत होतं. पानं जाडसर, लवदार, मांजराच्या कानासारखी मऊ. मी एक पान चोळलं. पुदिना, मग ओवा, मग सगळ्यात शेवटी कापूर, आणि नाकातून पार कपाळापर्यंत गार वाटलं. मी खाली बसले ती उठेचना. लोक फुलं बघायला हिमालयात जातात, जाऊ द्या बापडे. मी माझ्या आयुष्यात इतकं देखणं झुडूप पाहिलेलं नाही आणि ते आपल्या बुलढाण्यात आहे, हे मी ठणकावून सांगते.

फोटो काढता काढता मागे सरले, तर कॅमेऱ्यात पांढरं काहीतरी आलं. फुलं नव्हती ती.

"सुजे, हे काय?"

"फक्की."

"कसली?"

"चराची. उद्या रविवार. उद्या इथून खोदाचं हाय."

पांढरी रेषा वळणावरून येत होती आणि पहिल्या झुडपापासून शेवटच्या झुडपापर्यंत बरोबर बुंध्यांमधून जात होती. ओल पाझरते ती पट्टी एका उंचीवर, म्हणून झुडपं एका उंचीवर, आणि चरही त्याच उंचीवर. एखाददुसरं झुडूप जाणार नव्हतं. सगळी ओळ जाणार होती.

"मग दुसरीकडून घ्या की!"

"कशी घेता? लेवल हाय ते."

"उपटून घरी लाव."

"दोनदा लावलं. बियानं टाकलं, फांद्या लावल्या. एक नाही जगलं. त्याले हाच खडक पायजे."

"गावात सांगितलंस?"

"कोनालेच नाही." ती एका दगडावर बसली. "कोन्या तोंडानं सांगू?"

मग तिनं पुंडलिकभाऊंची गोष्ट सांगितली. खालच्या अंगाला, याच ई-क्लासच्या काठानं, त्यांनी सीताफळाची झाडं लावली होती. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहून जगवलेली, फळाला आलेली. गेल्या वर्षी चराची रेषा त्यांच्यातून गेली. पुंडलिकभाऊ ग्रामसभेत उभे राहिले, चर जरा वरून घ्या म्हणाले. सुजाता सगळ्यांसमोर म्हणाली, "लेवल म्हंजे लेवल, भाऊ. एकासाठी वळवली त उद्या समद्यासाठी वळवा लागन." झाडं तोडली. त्या दिवसापासून त्या घरानं तिच्याशी बोलणं सोडलं. पण पुंडलिकभाऊ श्रमदानाला एक रविवार चुकले नाहीत, आणि सगळ्यात जास्त माती तेच काढतात.

"आता मी माह्या फुलांसाठी वळवा म्हणू का?"

मला रागच आला. "तुझी कसली फुलं! हे दुसरीकडे कुठे नाही, सुजे. दुर्मीळ आहे हे."

"त्याची सीताफळं त्याच्यासाठी दुर्मीळच होती न वं."

"अगं, तू एका पेशंटसाठी मोठमोठ्या डॉक्टरांच्या अंगावर जायचीस..."

"पेशंटपायीच त हे समदं सुरू केलं." ती एकदम तापली. "खालच्या गावात घराघरातून डायलिसिसले नेऊन राह्यले माणसं. अठ्ठावीस-तीसची पोरं. मी पाण्याच्या मधात झाड आनू? मीच?" आणि मग एकदम आवाज पडला तिचा. "तुले बोलावलं, म्हटलं एकदा कोनीतरी डोळे भरून पाह्यलं पायजे. माह्याशिवाय कोनीतरी."

तेव्हा मला कळलं की हे निमंत्रण नव्हतं, निरोप होता. तासभर तिथेच बसून राहिलो. मी फोटो काढले, ती पानांवरची धूळ पुसत राहिली.

त्या दिवशी दुपारी मी तिच्याशी फार चांगली वागले नाही. सारखी टोचत होते, सांग ना, जाऊन बोल ना. भिंतीपलीकडे पुंडलिकभाऊ खोकले तरी मी उठून उभी राहायची. शेवटी ती म्हणाली, "शुभे, तू बोलली त मी तुले आत्ताच स्कूटीवर टाकून वरवटले सोडून येईन." तोंडाला कुलूप घालून बसले. नाइलाज होता.

रविवारी उजाडताच माणसं जमायला लागली. कुदळी, फावडी, घमेली. बायकाच जास्त, डोक्याला रुमाल बांधलेल्या. एक म्हातारी नुसती पाणी वाटायला आली होती. सगळे हसत खिदळत वर चढले आणि वळणावर येऊन रेषेला उभे राहिले. रेषेवर जागा वाटून देण्याचं काम सुजाताचं. ती पुढे आली, पण जागा वाटायच्या ऐवजी पहिल्या झुडपापाशी जाऊन उभी राहिली. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"पुंडलिकभाऊ," ती म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदा.

"ही झाडं पाहा. हा खडकपुदिना. हा इथंच हाय, दुसरीकडं नाही भेटत. मी लहानपणापासून पाहून राह्यली. मले वाटते हा राहावा. मले मालूम हाय, मधात जागा सोडली त काम वाढते. आन् मालूम हाय मी तुम्हाले काय म्हटलं होतं. म्हणून मी कोनाले सांगत नाही. तुम्हाले इचारते. तुम्ही म्हणान तसं. तोडा म्हटलं त मी माह्या हातानं तोडीन."

पुंडलिकभाऊ ओळीच्या कडेकडेनं शेवटपर्यंत चालत गेले, परत आले. एक पान तोडलं, चोळलं, हुंगलं. मग म्हणाले, "लेवल म्हंजे लेवल, ताई."

त्यांनी हातावर थुंकी लावली, कुदळ उचलली आणि रेषेवर घातली. वळणाकडून सुरुवात केली आणि सरळ झुडपांच्या दिशेनं खणत निघाले. मला वाटलं, आता सुजाता काहीतरी बोलेल, रडेल, निदान बाजूला होईल. तिनं फावडं घेतलं आणि ती त्यांच्या मागे वाकून माती उचलायला लागली. ते खणत होते, ती घमेलं भरत होती. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. बाकीचे काय करावं न कळून उभेच. मी तर कॅमेरा पिशवीत घालून टाकला, ते बघवेना मला.

पहिल्या झुडपापासून हातभर अंतरावर कुदळ थांबली. पुंडलिकभाऊ सरळ झाले, पाठीवर हात ठेवला.

"इथून सोडा," ते म्हणाले. "तिकडल्या झाडाच्या पलीकडून पुन्हा लागा. लेवल तीच ठेवा."

सुजाता वाकलेलीच राहिली, घमेलं हातात.

"ताई, गेल्या साली तुम्ही मले सांगतलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आज इचारलं. तवा इचारलं असतं न, त मीच माह्या हातानं तोडली असती सीताफळं. पाणी मले नको होतं का?"

सुजाता म्हणाली, "चुकलं भाऊ माहं."

"राहू द्या आता. ही जागा मोकळी राह्यली त ओघळ पडन. वरच्या अंगानं एक आखूड चर घ्या आडवा, म्हंजे इथवर पाणी जोरात येत नाही."

"म्हंजे आज काम डबल!" मागून एका बाईनं ओरडून कपाळावर हात मारला, आणि सगळा डोंगर हसला. फावडी चालायला लागली. मीही चार घमेली उचलली. चारच, गुडघ्यानं पाचव्याला नकार दिला. वरचा आखूड चर मापायला नळी पुंडलिकभाऊंनी एका टोकाला धरली आणि दुसऱ्या टोकाला सुजातानं. "जराक वर. अजून जराक. हाव, बस," एवढंच ते तिला सांगत होते आणि ती वर खाली करत होती. माझे डोळे भरून आले ते मी घाम म्हणून पुसले.

दुपारी खाली आंब्याच्या सावलीत रोडग्यांची पंगत. रोडगे तुम्ही खाल्ले नसतील तर वऱ्हाडात तुम्ही आलाच नाहीत असं समजा. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात, हातानं चुरतात, त्यावर वरण, वरून तूप, आणि बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. पानावर बसल्यावर नको म्हणायची सोय नाही. "घ्या न पाहुण्या, चार घमेल्याचं तरी खा!" म्हणून मला सगळ्यांनी चिडवून घेतलं. मी तीन रोडगे खाल्ले. कुणाला सांगू नका.

निघायच्या आधी एकटीच पुन्हा वर जाऊन आले. चर येतो, थांबतो, मधे फुलांची ओळ, पुढे चर पुन्हा सुरू होतो. झुडपांच्या बुंध्याशी दोन्हीकडून ताजी लाल माती लागलेली. चरात साठणाऱ्या पाण्याच्या ओलीनं त्यांना बरं होईल की वाईट, मला माहीत नाही. सुजाता म्हणते, पावसाळ्यानंतर कळेल.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा पहिला आठवडा, त्यानंतर फूल गळतं. शेगाव स्टेशन, तिथून एसटी. सोबत पाणी न्या, भरपूर न्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याही गावात उतरा आणि कुणालाही विचारा, "इथे डोंगरात काय फुललंय?" तुम्हाला काहीतरी नक्की दाखवतील, हा नाही तर दुसरा. पान तोडायच्या आधी गावाला विचारा.

नाशिकला परत आले तर ओट्यावर पुदिन्याच्या तीन जुड्या सुकून पडल्या होत्या आणि नवऱ्याचा चेहराही तसाच. फोटो दाखवले. "वा, वा," म्हणाला, खरंच मनापासून म्हणाला. पण मी त्याला फुलांबद्दल सांगायला बसले आणि सांगत राहिले ते पुंडलिकभाऊंबद्दल. अजूनही डोळे मिटले की मला आधी ती फुलं दिसत नाहीत. कुदळीच्या मागे वाकून माती भरणारी माझी मैत्रीण दिसते. आपल्याच हातानं आपल्या जिवाच्या झाडापर्यंत चर नेणारी. मी तिला एवढी वर्षं ओळखते, पण एवढी मोठी मी तिला कधी पाहिली नव्हती.

परवा तिचा फोन आला.

"पुंडलिकभाऊच्या घरी गेली होती वं काल. म्हटलं, बरसातीत सीताफळाची रोपं आनून देते. त म्हणे, राहू द्या, जागा आता चराची हाय."

"मग?"

"मंग काय नाही. वहिनीनं बस म्हटलं. चहा टाकला. भिंतीले भिंत हाय शुभे. एक वर्ष झालं, त्यांच्या चहाचा वास माह्या घरात येत होता. काल प्यायली."

"कसा होता?"

"लय साखर टाकते वं ते बाई," सुजाता म्हणाली, आणि फोनवरच हुंदके देऊन रडायला लागली.